दीड मिलिमीटर

शनिवारी अण्णांनी घरातली तीन कुलपं बदलायला सांगितली, तेव्हाच खरं तर काकाने नाही म्हणायला हवं होतं. पण थोरल्या भावाला नाही म्हणायची सवय त्याला लहानपणापासून नव्हती, आणि अण्णा घरात थोरले तसे कारखान्यातही थोरलेच. नकाराला जागाच उरत नसे. दिवाणखान्याचं, अभ्यासाच्या खोलीचं आणि बाथरूमचं अशी तीन चांगली चालती कुलपं त्याने काढली आणि त्या जागी तीन 'दाखवायची' बसवली.

"आठवडाभर हवा दमट आहे," शेवटचा स्क्रू पिळताना तो म्हणाला. "दारं फुगलीयत. अण्णा, ही कुलपं अडकणार."

"एक दिवसाचा प्रश्न आहे," अण्णा म्हणाले. "साहेब जेवणार, जाणार. सोमवारी पुन्हा तुझी लाव."

या घराण्याच्या कुलपांच्या दोन जाती होत्या, विकायची आणि दाखवायची. आजोबांच्या काळी एकच जात होती. आजोबांनी कारखाना उभा केला, वडिलांनी तो समुद्रापलीकडच्या कंपनीला विकला (त्या विक्रीवरून घरात काय रामायण झालं ते सगळ्यांना पाठ आहे), आणि तिसऱ्या पिढीच्या वाट्याला आपलाच कारखाना दुसऱ्याची उपकंपनी म्हणून चालवणं आलं. अण्णा तिचे प्रमुख झाले. धाकट्याने टूलरूम घेतली, म्हणजे जिथे साचे आणि हत्यारं बनतात ती मागची लांब खोली. लग्नबिग्न त्याने केलं नाही. सव्वीस वर्षं तो त्या खोलीतच रमला.

अकरा वर्षांपूर्वी मुख्यालयाने मॉडेल सातचं ड्रॉइंग पाठवलं. एका रेषेचाही बदल करायचा नाही, अशी ताकीद खाली लाल अक्षरात होती. पहिल्याच दमट महिन्यात तीनशे तक्रारी आल्या. दार फुगलं की कुलपाची जीभ चौकटीतल्या खाचेत अशी रुतून बसायची की आतला आत आणि बाहेरचा बाहेर. एक दंतवैद्य तर पेशंटसकट दवाखान्यात अडकला, आणि तो पेशंट वकील निघाला. अण्णांनी मुख्यालयाला सविस्तर पत्र लिहिलं. चौदा महिन्यांनी उत्तर आलं: ड्रॉइंग बरोबर आहे, दारं दुरुस्त करून घ्यावीत.

साऱ्या मुलखाची दारं! त्या दिवशी अण्णा टूलरूममध्ये आले, मागे दार लावून घेतलं आणि धाकट्याला म्हणाले, "तुला काय करायचं ते कर. मला सांगू नकोस." काकाने जीभ दीड मिलिमीटरने आखूड केली, तिचे कोपरे घासून गोल केले, आणि तक्रारी थांबल्या. कुलपं धडाधड विकली जायला लागली. मुख्यालय मात्र दर तीन महिन्यांनी तपासणीसाठी बारा नमुने मागवायचं. ते बारा काका वेगळे बनवायचा, स्वतःच्या हाताने, तंतोतंत ड्रॉइंगप्रमाणे. हीच ती दाखवायची. अहवालात दर वेळी लिहिलेलं असायचं, 'बदल: काही नाही', आणि खाली अण्णांची सही.

आता ज्याने ते ड्रॉइंग काढलं तो मुख्यालयाचा साहेबच रविवारी दुपारी घरी जेवायला येणार होता. ज्याने जीभ आखली त्याला आखूड जीभ एका नजरेत कळणार, या भीतीने अण्णांनी दारांना दाखवायची कुलपं लावून घेतली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हे. घरी जेवायला आलेला माणूस यजमानाच्या कुलपांची जीभ मोजत बसेल असं दुसऱ्या कुणाच्या मनातसुद्धा आलं नसतं.

*

साहेब साडेबाराला आला. उंच, वाकलेला, हळू बोलणारा. बरोबर त्याला आणायला गेलेली घरची लेक होती. अण्णांची ही एकुलती एक मुलगी नऊ वर्षांपूर्वी मुख्यालयात नोकरीला लागली, आणि गेली दोन वर्षं तिथे उपकंपन्यांच्या अहवालांवर शिक्का मारायचं काम करत होती. घरात तिचं नावच 'मुख्यालय' पडलं होतं. "मुख्यालय, पाण्याचे ग्लास घे," वहिनी आतून ओरडल्या, आणि साहेबाशेजारी बसलेलं मुख्यालय मुकाट्याने उठलं.

वहिनी, म्हणजे अण्णांची बायको. टूलरूमच्या माणसांपासून सगळे त्यांना वहिनीच म्हणत. कारखान्यात त्यांनी कधी पाऊल टाकलं नव्हतं, पण तिथलं एकही भांडण त्यांच्या स्वयंपाकघरात आल्याशिवाय मिटलं नव्हतं. लेक शुक्रवारी आल्यापासून नीट जेवत नाही, हे त्यांनी हेरलं होतं. दोनदा विचारलं. दोनदा उत्तर आलं, "आई, मला सांगायची परवानगी नाही." पोटच्या पोरीला आईशी बोलायला परवानगी लागते हे ऐकून वहिनींनी त्या कंपनीला मनातल्या मनात काय काय म्हटलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

सूप झालं. भाजलेली कोंबडी आली. अण्णांनी तीन वेळा सगळ्या कुटुंबातर्फे आनंद व्यक्त केला. साहेबाने चष्मा पुसला आणि बोलायला सुरुवात केली. लेक एकेक वाक्य मराठीत सांगू लागली.

"ते म्हणतात, मॉडेल सात नऊ देशांत बनतं. आठ देशांतून नुसत्या तक्रारी. फक्त आपल्याकडून एकही नाही."

अण्णांची छाती फुगली.

"म्हणतात, आपल्या यशामुळे एक गोष्ट सिद्ध झाली. ड्रॉइंगमध्ये दोष नाही. बाकीचे आठ जण ते नीट बनवत नाहीत. तेव्हा आता..." ती थांबली.

"तेव्हा आता काय?" काकाने विचारलं.

"नऊही देशांना एकच नियम. आता सगळी कुलपं, आपलीसुद्धा, मुख्यालयाच्या कारखान्यातच बनणार. जहाजाने इकडे येणार. इथे फक्त खोक्यात भरायची." ती ताटाकडे बघत राहिली. "टूलरूम बंद. तीन महिन्यांत. काका, तुझ्यासकट बारा जण."

"उत्तम!" अण्णा म्हणाले.

ते त्यांच्या तोंडून सवयीने निघून गेलं. मुख्यालयाने काहीही सांगितलं की उत्तम म्हणायचं, मग खुर्चीत बसून डोकं धरायचं, असा त्यांचा अकरा वर्षांचा शिरस्ता होता. पण आज समोर धाकटा भाऊ बसला होता. त्याने काटा ताटात ठेवला आणि हात पुसायला घेतले. एकेक बोट वेगळं पुसत होता. अण्णांना भयंकर लाज वाटली, आणि लाज वाटली की ते जास्तच हसायचे, तसे हसत राहिले.

साहेबाने अदबीने बाथरूम कुठे आहे ते विचारलं. लेकीने बोट दाखवलं. तो गेला, आणि दार लागल्याचा आवाज आल्याबरोबर टेबलावर दबक्या आवाजात युद्ध सुरू झालं.

"त्याला सांग," काका लेकीला म्हणाला. "आत्ता सांग. त्याचं ड्रॉइंग चालत नाही, माझं चालतं. त्याची कुलपं आली तर पहिल्याच दमट महिन्यात लोक आपल्या दाराशी येऊन शिव्या देतील."

"अरे, सांग काय?" अण्णा कुजबुजले. "अडतीस अहवालांवर माझी सही आहे! 'बदल: काही नाही', 'बदल: काही नाही'. निवृत्तीला चौदा महिने राहिलेत. आणि हिचा शिक्का आहे दोन वर्षांचा. हिची नोकरी जाईल."

"तिचं नाव पुढे करू नका," वहिनी म्हणाल्या. "तिला तोंड आहे."

"मला माहीत होतं," लेक म्हणाली. "दोन्ही वर्षं. शिक्का मारताना मला माहीत होतं."

"बघ!" अण्णा म्हणाले, जणू त्यांचाच मुद्दा सिद्ध झाला. "तेव्हा मी असं म्हणतो, की आपण एक विनंतीपत्र पाठवू. सौम्य भाषेत. टूलरूमची मुदत वाढवून मागू..."

"आणि उत्तर येईल चौदा महिन्यांनी," काका म्हणाला.

तेवढ्यात बाथरूमच्या दारावर टकटक झाली. मग जरा मोठ्याने. मग कुणीतरी हँडल खालीवर, खालीवर करू लागलं.

चौघंही आपापल्या जागी थिजली.  मॉडेल सातने आपल्या जन्मदात्याला आत कोंडलं होतं.

*

बोळात आधी पोचला तो काका. त्याला हे उघडायला अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त लागलं नसतं. बाहेरचं हँडल काढायचं, फटीत पातळ पट्टी घालायची आणि खांद्याने दार रेटायचं. त्याने खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला. साहेब लोकांच्या जेवणाला सुद्धा तो खिशात स्क्रूड्रायव्हर घेऊन बसला होता, यावरून वहिनी एरवी त्याला खूप बोलल्या असत्या. आज त्यांनी नुसता त्याचा हात धरला.

"भाऊजी, थांबा."

"वहिनी, तो आत आहे!"

"आत आहे म्हणूनच. दार उघडलं की तो टेबलावर येईल, हे पुन्हा 'उत्तम' म्हणतील, आणि तुमची टूलरूम जाईल. आधी सांगा. मग उघडा." त्यांनी जेवणाची खुर्ची ओढून बोळात आणली आणि दारासमोर ठाण मांडलं. "गुदमरत नाही तो. खिडकी आहे, पाणी आहे, बसायची सोय आहे. अडला हरी म्हणतात तो हाच."

"अगं, काय बोलतेस!" अण्णा दबक्या आवाजात म्हणाले. "मुख्यालयाचे प्रमुख आहेत ते!"

"आज पाहुणे आहेत. माझ्या बाथरूममध्ये आहेत."

दाराआडून साहेबाचा आवाज आला. शांत, पण जरा बारीक झालेला. लेक म्हणाली, "विचारतायत, काही अडचण आहे का?"

अण्णा पुढे सरसावले. आयुष्यात जे एकच शास्त्र त्यांना पक्कं येत होतं ते त्यांनी वापरलं. "सांग, दार जुनं आहे. दारात दोष आहे. दार आम्ही लगेच दुरुस्त करून घेऊ."

हे ऐकून काकाचा इतक्या वर्षांचा बांध फुटला. "दारात काही दोष नाही!" तो एवढ्या मोठ्याने ओरडला की आतलं हँडल हलायचं थांबलं. "शुक्रवारपर्यंत याच दाराला माझं कुलूप होतं. कुणी अडकलं नाही. दारं, दारं, दारं! अकरा वर्षं मी दारांचं ऐकतोय. ते म्हणतात दारं चुकली, तू म्हणतोस दारं चुकली. माझं बरोबर आहे असं कधीतरी कुणीतरी म्हणा की!"

लेक दोघांच्या मध्ये उभी होती. वडील एकीकडे, काका दुसरीकडे, दाराआड नोकरी. लहानपणी शाळा सुटली की ती टूलरूममध्ये जायची. काका तिला उंच स्टुलावर बसवायचा आणि तुकडे मोजायला द्यायचा. नऊ वर्षं ती मुख्यालयाची भाषा इतकी छान बोलत होती की घरच्यांना वाटायचं ही तिकडचीच झाली. तिलाही कधी कधी तसं वाटायचं, आणि मग झोप यायची नाही.

ती दाराला चिकटून उभी राहिली आणि बोलायला लागली. बराच वेळ बोलली. बाकीच्यांना फक्त आकडे कळले: अकरा, चौदा, तीनशे, बारा, आणि तीनदा आलेलं एक पूर्णांक पाच. अण्णांनी भिंतीला हात टेकला. त्यांना परक्या भाषेतली पत्रं वाचता येत होती, बोलणं अर्धंच कळायचं, पण एवढ्यात काय झालं ते कळायला भाषा लागत नव्हती.

"सांगितलंस?" वहिनींनी विचारलं.

"सगळं. माझ्या शिक्क्याचंही."

आत पावलं वाजली. मग नळ सुरू झाला, बंद झाला. मग साहेबाने काहीतरी विचारलं, लेकीने उत्तर दिलं, पुन्हा त्याने काहीतरी सांगितलं आणि लेकीने ओठ घट्ट मिटून घेतले. हसू दाबण्यासाठी.

"अगं, काय म्हणतो?"

"त्या पत्राचं विचारत होते. ते उत्तर त्यांनीच लिहिलं होतं म्हणे. दारं दुरुस्त करून घ्यावीत, हे. म्हणतात की त्या वर्षी त्यांचा दारं बनवणाऱ्या सगळ्याच लोकांवर राग होता."

"आता आहे का?" काकाने विचारलं.

लेकीने तेही विचारलं. "नाही म्हणतात. आता स्वतःवर आहे. आणि विचारतायत, दर तीन महिन्यांची ती बारा कुलपं कोण बनवायचं?"

"मी," काका दाराकडे बघून म्हणाला. आता शिव्या येणार म्हणून त्याने मान ताठ केली.

आतून साहेब बराच वेळ बोलला. लेकीने सांगायला सुरुवात केली तेव्हा तिचा आवाज जरा बदलला होता. "काका, ते म्हणतात, नऊ देशांतून नमुने येतात. ड्रॉइंगप्रमाणे अगदी केसाचाही फरक नसलेली फक्त आपलीच असतात. त्यांना स्वतःलासुद्धा ते ड्रॉइंग इतकं नेमकं बनवता येत नाही. तू बनवलेलं एक कुलूप त्यांच्या टेबलावर ठेवलेलं असतं. येणाऱ्या जाणाऱ्याला दाखवतात."

काकाला काय वाटावं ते कळेना. सव्वीस वर्षांत त्याच्या कामाचं एवढं कौतुक कुणी केलं नव्हतं, आणि झालं तेही खोटेपणासाठी बनवलेल्या कुलपांचं. त्याला अभिमान वाटला, आणि अभिमान वाटल्याची शरम वाटली. डोळे पुसायला त्याने हात वर नेला तर हातात स्क्रूड्रायव्हर.

"आणि म्हणतात," लेक म्हणाली, "आता दार उघडलंत तर बरं होईल."

वहिनींनी खुर्ची बाजूला घेतली. अर्ध्या मिनिटात दार उघडलं.

*

साहेब बाहेर आला तो बाह्या सरसावलेल्या आणि हातात कागदी रुमालावर काढलेली आकृती. आतल्या आत त्याने जीभ, खाच आणि दाराची जाडी सगळं बोटांनी मोजलं होतं. त्याने शनिवारी काढलेलं जुनं कुलूप मागवलं. काकाने आणून दिलं. जेवणाच्या टेबलावर कोंबडीची ताटं सरकवून ही दोन माणसं बसली आणि पाऊण तास, दोघांच्या भाषेतला एकही शब्द समान नसताना, बोलत राहिली. लेक पहिली पाच मिनिटं सांगत होती. मग तिची कुणाला गरज उरली नाही आणि ती पोटभर जेवली.

शेवटी साहेबाने तिला हाक मारली.

"म्हणतात, सगळी योजना त्या बारा नमुन्यांवर उभी होती. ती आता रद्द. टूलरूम राहील. नव्या ड्रॉइंगमध्ये दीड मिलिमीटर येईल, नऊही देशांत."

वहिनींनी डोळे मिटून घेतले. काका नुसता खुर्चीच्या दांड्याला धरून बसला.

"पण," लेक म्हणाली, "नियम आहे. ड्रॉइंग परवानगीशिवाय बदललं तर बदलाचा निर्णय ज्याचा, त्याला कंपनीत राहता येत नाही. फॉर्मवर एक नाव लिहावं लागेल. मी नुसता शिक्का मारला, माझं नाव तिथे चालत नाही. मी विचारलं."

काकाने तोंड उघडलं. "लिही, मा..."

"थांब," अण्णा म्हणाले.

ते उठून उभे राहिले. आज पहिल्यांदाच ते हसत नव्हते. "त्यांना सांग, निर्णय माझा होता. हा माझ्याकडे आला, म्हणाला जीभ आखूड करावी लागेल, मी म्हटलं कर. मी प्रमुख आहे. टूलरूम निर्णय घेत नाही, हुकूम पाळते."

"अण्णा, हे खोटं आहे," काका म्हणाला. "तू म्हणालास, मला सांगू नकोस."

"आज दुपारपुरतं तू गप्प बस. सांग गं."

लेकीने वडिलांकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. वहिनींनी किंचित मान हलवली. मग तिने सांगितलं. साहेबाने चष्म्यावरून दोन्ही भावांकडे आळीपाळीने बघितलं. दोघांपैकी कोण खरं बोलतंय ते त्याला समजलं असावं, पण फॉर्मवर समजुतीचा रकाना नव्हता. त्याने अण्णांचं नाव लिहिलं. महिनाअखेरीस निवृत्ती, चौदा महिने आधी. अकरा वर्षांपूर्वीच्या पत्राला उत्तर देणाऱ्याचं नाव लिहायला त्या फॉर्मवर कुठेच जागा नव्हती.

साहेब निघाला तेव्हा त्याने वहिनींचे जेवणाबद्दल आभार मानले, आणि लेकीला उद्या विमानात शेजारी बसून पूर्ण अहवाल लिहायला सांगितलं. या वेळी खरा. म्हणजे तिची नोकरी राहिली, फक्त सोळा तासांच्या विमानप्रवासातली झोप गेली.

गाडी गेल्यावर काका बाथरूमचं दार पुन्हा नीट करायला बसला. अण्णा दार धरून उभे राहिले. एकमेकांकडे न बघता बोलायला ही जागा चांगली होती.

"अकरा वर्षं मी तुझा मनातून राग राग केला," काका म्हणाला. "रोज. तू वर बघून मान डोलवायचास आणि मी खाली घासत बसायचो."

"ठाऊक होतं मला. पण तोंडावर कधी बोलला नाहीस."

"तू साहेब होतास."

"महिनाअखेरपर्यंत आहे अजून." अण्णांनी दार जरा उचलून धरलं. "त्यानंतर काय करायचं रे? घरात बसलो तर ही मला दुसऱ्या दिवशी बाहेर काढेल. कारखान्याशिवाय मला काहीच येत नाही. खरं म्हणजे कारखान्यातलंही काही येत नाही. सह्या येतात."

काकाने शेवटचा स्क्रू पिळला.

"एक तारखेला टूलरूमला ये," तो म्हणाला. "एक माणूस मला कमीच आहे. पगार मागू नकोस. सकाळी आठ म्हणजे आठ."

"काय करू तिथे?"

"पहिलं वर्षभर झाडायचं. मग कानस धरायला शिकवीन." त्याने दार लावून पाहिलं, उघडून पाहिलं. सहज उघडलं. "आणि टाय लावून येऊ नकोस अण्णा. मशीनमध्ये अडकतो."